खंडाचं कारण

चौतीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचले. एका मोठ्या कचेरीत आस्थापना विभागात होते. माणसं नोकरीला लागतात, रजेवर जातात, सोडून जातात, निवृत्त होतात, त्या सगळ्याचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. भरती निघाली की अर्जांचे गठ्ठे यायचे आणि छाननी माझ्याकडे असायची. माझी वाचायची पद्धत काही कौतुकाची नव्हती, हे आता कबूल करायला हरकत नाही. आधी तारीख बघायची, मग सही, मग जोडपत्रं. माणूस सगळ्यात शेवटी, तोही वेळ उरला तर.

आपल्याकडे अर्ज म्हणजे गाऱ्हाणं असतं. घरची परिस्थिती हलाखीची आहे, वडील अंथरुणाला खिळले आहेत, बहिणीचं लग्न व्हायचं आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. काम काय येतं ते शेवटच्या ओळीत, तेही पाहुण्यांसमोर पोराने पाढे म्हणावेत तसं घाईघाईत. एका गृहस्थांनी दोन पानं भरून संकटं लिहिली होती आणि कुठल्या पदासाठी अर्ज करतोय ते लिहायचं राहूनच गेलं होतं. मी तो बाद केला आणि दुपारी डबा खाताना सगळ्यांना वाचून दाखवला. सगळे हसले. आज ते आठवलं की लाज वाटते, पण हसले तेव्हा मीच सगळ्यात मोठ्याने.

निवृत्त झाल्यावरही ही खोड गेली नाही. कोथरूडला आमच्या सोसायटीत कोणालाही कसलाही अर्ज करायचा झाला की आमची बेल वाजते. मी चष्मा लावते, लाल पेन घेते आणि समोरच्याचा चेहरा पडेपर्यंत तपासते. लोक तरीही येतात, कारण माझ्या हाताखालून गेलेला अर्ज सहसा परत येत नाही. ह्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी माझी सून अर्ज घेऊन माझ्यासमोर बसली, तेव्हा मला आनंदच झाला. ती ग्रंथपाल. लग्नाआधी आणि नंतरही मिळून सहा वर्षं एका शाळेत होती. मग माझ्या यजमानांना पक्षाघात झाला आणि तिने नोकरी सोडली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. यजमान जाऊनही दीड वर्ष होत आलं होतं. विश्रांतवाडीच्या एका शाळेची जाहिरात तिने पाहिली होती. वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ती त्या अटीत बसणार नव्हती. शाळांमधून ग्रंथपालाच्या जागा निघतात तरी किती! म्हणजे ही गेली की बहुधा कायमचीच गेली, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मुलगा म्हणाला, इतक्या लांब? ती म्हणाली, बस जाते.

अर्जाच्या नमुन्यात नेहमीचे रकाने होते, आणि शिवाय एक वेगळं पान. ‘ह्या पदासाठी आपण योग्य आहात असे आपल्याला का वाटते ते आपल्या शब्दांत लिहा.’ आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आपण योग्य आहोत असं आपल्याला वाटतं, हे लिहिणं म्हणजे उद्धटपणाच समजला गेला असता.

तिचा पहिला मसुदा मी वाचला. सासऱ्यांचं आजारपण, संसाराच्या जबाबदाऱ्या, एक संधी मिळावी ही नम्र विनंती. मी म्हटलं, ही नोकरी मागतेस की सत्यनारायणाला वर्गणी? ती हसली आणि कागद घेऊन गेली.

दुसऱ्या मसुद्यात माझ्या मुलाचा हात होता. त्याने कॉम्प्युटरला सांगून दोन मिनिटांत तयार करून घेतला होता. त्यातली बाई ध्येयवेडी होती, परिणामाभिमुख होती, बदलत्या आव्हानांना सामोरं जाण्याची तिची तयारी होती. मी म्हटलं, हिला एकदा आपल्याकडे जेवायला बोलव, मला भेटायचंय. मुलगा तोंड वाकडं करून आत गेला. सुनेने तो कागद चार घड्या करून फडताळाखाली सरकवला, कारण फडताळ डुगडुगत होतं.

तिसरा मसुदा घेऊन ती आली ती दुपारची वेळ होती. मी आधी नमुना तपासायला घेतला. जन्मतारीख, शिक्षण, अनुभव. मग रकाना होता सेवेतील खंडाचा. खंडाचे कारण व त्याचा पुरावा. तिथे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘घरगुती कारणास्तव.’

लाल पेन माझ्या हातात होतं, आणि ते काही पुढे जाईना.

हे शब्द माझे होते. म्हणजे कचेरीत सगळ्यांचेच असतात. बाई नोकरी सोडते तेव्हा तिची आई आजारी असो, मूल आजारी असो, नवऱ्याला आवडत नसो, आम्ही हेच लिहून घ्यायचो. कोणी जास्त लिहिलं तर मीच सांगायचे, अहो, इतकं कशाला, घरगुती कारणास्तव लिहा, प्रश्न मिटतो. आणि नऊ वर्षांपूर्वी सुनेच्या राजीनाम्याचा मसुदासुद्धा मीच लिहून दिला होता. तिने तो फक्त उतरवून काढला आणि सही केली.

तेव्हाचं सांगायला हवं. यजमानांना हॉस्पिटलमधून घरी आणून आठवडा झाला असेल. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. डोकं शाबूत, समजायचं सगळं, पण शब्द तोंडात येईनात. नर्सिंग ब्यूरोतून बाई ठेवली होती. त्यांना काय हवंय ते तिला कळायचं नाही, मग ते डाव्या हाताने भांडी फेकायचे. दोन बायका सोडून गेल्या. त्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी, मुलगा आणि सून. नात तेव्हा चार वर्षांची. कोणीतरी घरी राहायला हवं, हे सगळ्यांच्या मनात होतं. मुलाने नोकरी सोडावी हा विचार पानावर वाढायलासुद्धा कोणी काढला नाही. मी म्हटलं, “माझी पाचच वर्षं राहिली आहेत.”

एवढंच म्हटलं. तू सोड, असं मी म्हटलं नाही. नऊ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मी तसं म्हटलं नाही. सुनेने आमटीची पळी भांड्यात ठेवली आणि म्हणाली, शाळेत विचारते. शाळेने दोन महिन्यांची रजा दिली आणि मग राजीनामा मागितला. मी तो उत्साहाने लिहून दिला. अगदी स्वल्पविरामासकट.

माझी पाच वर्षं पूर्ण झाली. निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पेन्शन चालू झाली. खरं तर त्याच वेळी मी तिला म्हणायला हवं होतं, आता मी आहे घरी, तू बघ नोकरी. मी म्हटलं नाही. ह्यांना तिचीच सवय झाली होती, हे खरं आहे. पण मला दमणूक नको होती, हेही तितकंच खरं आहे.

तर तो रकाना तसाच सोडून मी तिला विचारलं, ह्या नऊ वर्षांत तू काय काय केलंस ते सांग. ती म्हणाली, काही नाही, घरीच होते. मी चिडले. म्हटलं, घरी तर मीही आहे, फडताळही आहे. काय केलंस?

ती उठून आतून एक लांबट लाकडी खण घेऊन आली. त्यात कार्डं होती. जुन्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या नोंदीची असायची तशी, भोक पाडलेली. शाळेचं ग्रंथालय कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा कोरी कार्डं रद्दीत निघाली होती, ती तिने मागून आणली होती. मी ती घरात रोज पाहत होते. टेबलावर, फ्रिजवर, औषधांच्या डब्यावर. मला वाटायचं, पोरगी काहीतरी करत बसते.

त्या दुपारी मी ती पहिल्यांदा वाचली. दर कार्डावर एक शब्द होता. तांब्या. खिडकी. दुखतंय. उशी. वरच्या कोपऱ्यात आकडा, म्हणजे कुठल्या गटातला शब्द ते. घर, खाणं, माणसं, शरीर, बाहेरचं जग. आणि मागच्या बाजूला तारखा, ग्रंथालयाच्या पुस्तकात असतात तशा एकाखाली एक. शब्द आपणहून आला तर तारखेपुढे बरोबरची खूण, अडला तर टिंब. लागोपाठ तीन वेळा आला की कार्ड खणात मागे जायचं आणि पुढे नवीन यायचं. मागे गेलेली कार्डं महिन्यातून एकदा पुन्हा काढायची, कारण आलेले शब्द परत जातात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. वाचादोषाच्या डॉक्टरीणबाई सुरुवातीला चार महिने येत होत्या, त्यांच्याकडून जेवढं उचललं तेवढं उचललं, बाकी सगळं तिचंच.

एका कार्डावर शब्द नव्हता. लिहिलं होतं, ‘म्हणी अर्ध्याच सांगाव्यात.’ मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, बाबांना ‘माती’ म्हणता यायचं नाही, पण मी ‘अति तिथे’ म्हटलं की ते पटकन ‘माती’ म्हणायचे. मग तो शब्द तोंडात आला की तोच पकडून त्यांना कुंडीतल्या मातीपाशी न्यायचं. असे तिने कितीतरी शब्द परत आणले होते. मला आठवलं, दोघं गॅलरीत बसून म्हणी म्हणायचे आणि मी आतून ओरडायचे की आवाज कमी करा, बातम्या लागल्या आहेत.

ह्यांचं पहिलं पूर्ण वाक्य मात्र मला चांगलं लक्षात होतं. दहा महिन्यांनी आलं. सकाळी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि प्रत्येक शब्दाला जोर लावत म्हणाले, “साखर... महागली का?” मी साखर घालायला विसरले होते. माणसाची वाचा परत येते आणि पहिला टोमणा बायकोला बसतो! आम्ही हसलो आणि मग सगळेच रडलो. त्या वाक्याचंही कार्ड होतं. मागे तारीख, आणि पुढे बरोबरच्या दोन खुणा.

मी म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, आई, हे घरचं आहे, अर्जात कसं लिहिणार? मी म्हटलं, शाळेत शब्दाला अडणारी पोरं नसतात का? पुस्तक बघितलं की पळणारी नसतात का? त्यांच्यापुढे तू काय करणार, हेच ते विचारतायत. मी चौतीस वर्षं अर्ज वाचले, मला कळतं. खरं म्हणजे मला ते त्या दुपारीच पहिल्यांदा कळत होतं, पण ते तिला सांगायची गरज नव्हती.

तिने लिहिलं. मी शेजारी बसले आणि ‘थोडंफार’, ‘जमेल तसं’, ‘माझ्या परीने’ असे शब्द आले की पेनाने टेबल वाजवत राहिले. संध्याकाळपर्यंत पानभर झालं. त्यात ती नम्र नव्हती आणि ध्येयवेडीही नव्हती. ‘वाचणारा अडला की मी शब्द सांगून टाकत नाही. वीस आकडे मोजते. सुरुवातीला मला पाचही मोजता येत नसत.’ अशी वाक्यं होती. मी लाल पेनाचं टोपण लावून ठेवलं. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उरला तो रकाना. ती म्हणाली, पुराव्याला बाबांच्या हॉस्पिटलचे कागद लावू. मी म्हटलं, त्या कागदांनी बाबा आजारी होते हे सिद्ध होतं, तू का थांबलीस हे होत नाही. ती म्हणाली, मग राहू दे, घरगुतीच बरंय. आणि कुकर लावायला उठली.

मी कोरा कागद घेतला. कचेरीची भाषाच मला येते, त्याच भाषेत लिहिलं.

‘मी अर्जदाराची सासू. माझ्या पतीस पक्षाघात झाला तेव्हा घरात नोकरी करणाऱ्या तीन व्यक्ती होत्या. तिघांपैकी कोणी नोकरी सोडावी, हे अर्जदारास विचारण्यात आले नाही. माझी पाच वर्षे सेवा शिल्लक होती व ती मला पूर्ण करावयाची होती. ती अर्जदारामुळे पूर्ण झाली. मी निवृत्त झाल्यानंतर अर्जदारास पुन्हा नोकरी धरता आली असती. तेव्हाही मी तो विषय काढला नाही. सबब, सेवेतील खंडाचे कारण घरगुती नसून मी आहे. हे पत्र पुरावा म्हणून देत आहे.’

खाली सही केली, तारीख घातली. सही नेहमीसारखी आली नाही. स्वयंपाकघरात जाऊन कागद तिच्यासमोर धरला. ती ओल्या हातांनी घेईना, म्हणून मी धरून उभी राहिले आणि तिने तसाच वाचला. दोनदा वाचला असावा. मग पदराला हात पुसून तो माझ्याकडून घेतला आणि म्हणाली, बघते कुठे लावायचं ते. एवढंच. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. निदान, अहो आई, असं काय, एवढं तरी. ती कुकरकडे वळली, आणि ते बरोबरच होतं.

शेवटच्या तारखेला आम्ही दोघी विश्रांतवाडीला गेलो. पोस्टाने पाठवायला माझा विरोध होता. अर्ज हातात द्यावा आणि पोच घ्यावी. खिडकीत एक मध्यमवयीन कारकून होते, कपाळावर चष्मा. त्यांनी आधी तारीख बघितली, मग सही, मग जोडपत्रं. मला ते गृहस्थ फार आवडले. मग ते थांबले.

“हे पत्र झेरॉक्स आहे. पुराव्याची मूळ प्रत लागते.”

सून म्हणाली, “मूळ प्रत मी देणार नाही.”

“मग काय, नुसती दाखवायला आणलीत?”

“हो. बघा आणि परत द्या.”

तिने पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं माझं पत्र काढून काचेला लावलं. मी कोपराने तिला ढोसलं. एका कागदापायी अर्ज बाद होतो, मी स्वतः कितीतरी केले आहेत. हळूच म्हटलं, अगं देऊन टाक, मी घरी गेल्यावर दुसरं लिहून देते. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कारकुनांनी काचेतून पत्र वाचलं. वाचायला त्यांना जरुरीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, सासू. पत्र मीच लिहिलंय. मागे रांगेत सात-आठ जण होते, सगळ्यांनी ऐकलं.

त्यांनी झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, मूळ प्रतीनुसार असं लिहा आणि सही करा. नातेवाइकाचं पत्र चालतं की नाही ते मी सांगू शकत नाही, वरचे ठरवतील. मी लिहिलं. त्यांनी पोच दिली.

ते तीन आठवडे मला झोप नीट लागली नाही. तिचं मात्र काही अडलं नव्हतं. ती नातीचा अभ्यास घेत होती, भाजी निवडत होती. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा ती तो खणच घेऊन गेली. आल्यावर सांगितलं की निम्मा वेळ कार्डांवरच बोलणं झालं. पत्राबद्दल फक्त एका बाईंनी विचारलं, सासूबाई आता काय करतात? ही म्हणाली, अर्ज तपासतात.

नोकरी लागली. रुजू व्हायच्या दिवशी तिला सकाळी लवकर निघायचं होतं. मी पाचला उठून पोळी-भाजी केली, कारण नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला डबा हवा होता. ती चपला घालत होती. इतके दिवस मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. म्हटलं, त्या दिवशी मूळ पत्र का दिलं नाहीस? ते अडून बसले असते तर नोकरी गेली असती ना.

ती म्हणाली, “गेली असती तर गेली असती, आई. पण तुम्ही ते पत्र दुसऱ्यांदा लिहिलं नसतं.”

खरं होतं. मी लिहिलं नसतं. खिडकीपाशी मी तिला दुसरं लिहून देते म्हटलं होतं, ते खोटं होतं, आणि तिला ते तेव्हाच कळलं होतं.